रात्री रस्त्यावर उभ्या गाडीची पार्किंग लाईट : एलईडी बल्ब आणि वायरिंगवाल्या काकांचं काम, दहा महिन्यांनंतर

गेल्या जुलैत काम करून घेतलं, मधे अख्खा पावसाळा गेला, थंडी गेली, आता मे चालू आहे, म्हणजे दहा महिने माझी गाडी रोज रात्री पार्किंग लाईट लावून रस्त्यावर उभी असते आणि बॅटरी एकदाही बसलेली नाही. म्हटलं आता लिहायला हरकत नाही, कारण आठ दिवस वापरून लिहिलेल्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो, विशेषतः वायरिंगच्या कामाला, त्याची खरी परीक्षा मुंबईच्या पावसातच होते.

आधी हे का करावं लागलं ते सांगते. आम्ही कन्नमवार नगरला राहतो, विक्रोळी पूर्व. म्हाडाच्या जुन्या इमारती, त्या बांधल्या तेव्हा कोणाकडे गाड्या होत्या, त्यामुळे पार्किंग म्हणजे रस्ता. आता रीडेव्हलपमेंट चालू आहे, सगळीकडे पत्रे ठोकलेत, डंपर आणि मिक्सरची ये-जा, आणि खोदकामात केबल तुटली की गल्लीतले चार-पाच खांब एकदम बंद. तसंच झालं होतं. तीन दिवस आमच्या बाजूला अंधार, वरून पाऊस, आणि माझी गाडी काळपट ग्रे रंगाची, पेट्रोल वॅगनआर, २०१४ची.

पहाटे पावणेपाचला धाडकन आवाज आला. खाली जाऊन बघते तर आमचा पाववाला, सायकलसकट माझ्या गाडीच्या मागे पडलेला. सायकलवरचा पावाचा मोठा डबा उघडून सगळे पाव रस्त्यावरच्या पाण्यात. त्याचं मनगट हातात धरलेलं आणि पहिलं वाक्य काय, तर "भाभी, गाडी को कुछ नहीं हुआ." मला अजूनही ते आठवलं की कसंतरी होतं. त्याला घेऊन आम्ही दोघं महापालिकेच्या हॉस्पिटलला गेलो, मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. सहा आठवडे सायकल नाही म्हणजे सहा आठवडे धंदा नाही. त्या दिवसाच्या पावाचे पैसे आणि नंतर जमेल तेवढं आम्ही दिलं, पण ते देऊन प्रश्न संपत नाही ना, कारण तो मला म्हणाला की गाडी दिसलीच नाही, आणि तो खरंच बोलत होता.

सगळ्यांनी मला सांगितलं की तुझी काय चूक, गाडी कडेला उभी होती, त्यानेच ठोकली. मलाही तसंच वाटायचं. मग मी नियम शोधून वाचला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १०९, नावच पार्किंग लाईट. मोटरसायकल आणि अपंगांची तीनचाकी सोडली तर प्रत्येक गाडीला पुढे दोन्ही बाजूंना पांढरी किंवा पिवळसर आणि मागे दोन्ही बाजूंना लाल पार्किंग लाईट हवी, आणि गाडी रस्त्यावर उभी असतानाही ती पेटलेली राहिली पाहिजे. उभी असतानाही! मी एकवीस वर्षं गाडी चालवतेय, लायसन्स काढताना कुणी सांगितलं नाही, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सांगितलं नाही, आणि आमच्या रस्त्यावर रात्री साठ-सत्तर गाड्या लागतात त्यातल्या एकाही गाडीची लाईट मी कधी पेटलेली बघितली नव्हती. नावातच पार्किंग आहे आणि आपण तिला संध्याकाळी हेडलाईटच्या आधी लावायची छोटी लाईट समजतो.

आता तुम्ही म्हणाल की गाडीला मागे लाल रिफ्लेक्टर असतातच की. असतात, माझ्याही होते. पण रिफ्लेक्टर स्वतः काही उजेड देत नाही, समोरच्याचा उजेड त्याच्यावर पडला तर तो परत पाठवतो. कारची हेडलाईट पडली तर लांबूनच चमकतो, बाईकची पडली तरी चमकतो. पाववाल्याच्या सायकलला लाईटच नाही. दूधवाल्याच्या नाही, पेपर टाकणाऱ्या पोरांच्या नाही, आणि पहाटे चार ते सहा आमच्या रस्त्यावर हीच माणसं असतात. त्यांच्यासाठी रिफ्लेक्टर म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. त्यांना दिसायचं असेल तर गाडीनेच उजेड दिला पाहिजे, दुसरा मार्ग नाही. ही एवढी साधी गोष्ट मला अपघात होईपर्यंत सुचली नव्हती.

तर दुसऱ्याच रात्रीपासून मी पार्किंग लाईट चालू ठेवायला लागले, आणि तिसऱ्या सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक टक टक. शेजारच्यांच्या गाडीवरून जंप स्टार्ट केली. हिशोब नंतर कळला. साधा पार्किंगचा बल्ब पाच वॉटचा, असे चार म्हणजे वीस वॉट, त्यात नंबरप्लेटचा बल्ब, डॅशबोर्डच्या आतले दिवे, म्युझिक सिस्टीमची लाईट, सगळं मिळून तीसच्या आसपास. बारा व्होल्टला तीस वॉट म्हणजे अडीच अँपिअर. रात्री दहा तास लावली तर पंचवीस अँपिअर अवर (बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) गेले, आणि माझी बॅटरीच पस्तीसची आहे, तीही तीन वर्षं जुनी. म्हणजे नियम पाळला की सकाळी गाडी बंद. मला वाटतं लोक लाईट लावत नाहीत त्याचं निम्मं कारण हेच आहे, एकदा कधीतरी चुकून राहिलेली असते, बॅटरी बसलेली असते, आणि मग आयुष्यभराची धास्ती.

मग मी हॅझार्ड, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम लुकलुकतात ती, लावून बघितली, म्हटलं लुकलुकते तर कमी खात असेल. ते तर अजून वाईट. इंडिकेटरचे बल्ब एकवीस वॉटचे असतात, मागचे-पुढचे चार, अर्धा वेळ बंद धरले तरी चाळीस वॉट. आणि त्याहून मोठा घोटाळा म्हणजे गाड्या एकामागे एक चिकटून लावलेल्या असल्या की मागून येणाऱ्याला डावा इंडिकेटर दिसतच नाही, फक्त उजवा लुकलुकताना दिसतो, त्याला वाटतं ही गाडी आता बाहेर निघतेय आणि तो बिचारा रस्त्याच्या मधे सरकतो. हे मी स्वतः खिडकीतून बघितलं, दोन रिक्षावाले आणि एक बाईकवाला. हॅझार्ड ही गाडी बंद पडल्यावर लावायची गोष्ट आहे, रात्रभराची नाही.

ऑनलाईन एक लोहचुंबकवाला लाल ब्लिंकर मागवला, तीनशे चाळीसचा, पंधरा दिवसांत त्यात पाणी गेलं आणि एक दिवस तो चोरीलाही गेला. सोडून द्या.

हे सगळं झाल्यावर भाच्याने मला या काकांकडे नेलं. दुकान विक्रोळी पश्चिमेला, एलबीएस मार्गावरून पार्कसाईटकडे चढायला लागलो की डाव्या हाताला, बोर्ड इतका जुना आहे की फक्त "ऑटो इलेक्ट्रिक" एवढंच वाचता येतं, दारात कायम दोन रिक्षा आणि एक टेम्पो उघडून ठेवलेला. काका साठीचे असतील. मी सांगितलं की मला रात्रभर पार्किंग लाईट चालू ठेवायची आहे. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "रात्रभर? ताई, असं सांगत माझ्याकडे आजपर्यंत कोणी आलं नाही, सगळे बंद होत नाही म्हणून येतात." मी पाववाल्याचं सांगितलं. मग त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि माझी गाडी आत घेतली.

त्यांनी काय काय केलं ते नीट लिहिते कारण कोणाला करून घ्यायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे मीटर लावून बघितलं, आधी किती करंट जातोय. दोन पॉईंट सहा अँपिअर आला, म्हणजे माझा हिशोब बरोबर होता. मग पुढचे दोन कॅपलेस, म्हणजे बुडाला धातूची टोपी नसलेले, बल्ब काढून पांढरे एलईडी टाकले. मागचे डबल पॉईंटचे बल्ब, म्हणजे एकाच बल्बमध्ये टेललाईट आणि ब्रेक दोन्ही, तिथे लाल एलईडी. मी विचारलं लाल कशाला, काच लालच आहे की, पांढरा टाका, जास्त उजेड पडेल. तर म्हणाले नाही, पांढरा एलईडी लाल काचेमागे टाकला की गुलाबी दिसतो आणि उलट मंद दिसतो, लाल काचेला लाल एलईडीच पाहिजे. त्यांनी दोन्ही लावून दाखवलं, आणि खरंच, पांढरावाला फिक्कट गुलाबी, बघून वाटलं असतं की काचेचा रंग उन्हाने उडालाय.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. बल्ब लावल्यावर शटर अर्धं खाली ओढलं, मला गाडीच्या मागे पंधरा-वीस पावलं लांब उभं केलं आणि स्वतः आत बसून ब्रेक दाबला. विचारलं, "फरक दिसला?" मी म्हटलं, "कसला फरक?" ते लगेच उतरले आणि ती जोडी काढून टाकली. स्वस्त एलईडीमध्ये टेल आणि ब्रेक जवळजवळ सारखाच पेटतो, मग चालत्या गाडीत मागच्याला कळतच नाही तुम्ही ब्रेक मारलाय. मी पैसे द्यायला तयार होते, मला काही कळलंही नसतं, तरी त्यांनी स्वतःहून दुसरी महाग जोडी लावली, परत तेच मागे उभं केलं, तेव्हा फरक एकदम स्पष्ट. हे तपासल्याशिवाय मागचे एलईडी कोणीही लावून घेऊ नका. मी हात जोडून सांगते. रस्त्यावर उभ्या गाडीचा धोका कमी करायला जायचं आणि चालत्या गाडीचा वाढवून यायचं, असं होईल.

मग वायरिंग. बॅटरीवरून वेगळी लाईन घेतली, सुरुवातीलाच पाच अँपिअरचा फ्यूज, आणि स्टिअरिंगखाली एक छोटा स्विच. हा स्विच लावला की फक्त चार पार्किंगचे दिवे पेटतात, डॅशबोर्ड आणि म्युझिक सिस्टीम अंधारात राहते. करंट उलटा जाऊन बाकीचे दिवे पेटू नयेत म्हणून मधे डायोड टाकले. नेहमीचा खटका आहे तसाच आहे, तो चालवताना वापरायचा. आणि शेवटी एक लो व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी बारा पॉईंट एकच्या खाली आली की लाईट आपोआप बंद. पूर्ण चार्ज बॅटरी बारा पॉईंट सहाच्या आसपास असते, त्यामुळे सेल्फ मारण्याइतका जोर नेहमी शिल्लक राहतो. सगळं झाल्यावर परत मीटर लावलं, शून्य पॉईंट चार अँपिअर. दहा तासांचे चार अँपिअर अवर. आधीच्या पंचवीस-सव्वीसच्या जागी चार! मी तिथेच उभी राहून दोनदा मोजायला लावलं त्यांना.

काकांनी एक विचारलं होतं की फक्त उजवी बाजू पेटवू का, रस्त्याच्या बाजूची, अजून अर्धा करंट वाचेल. माझा मावसभाऊ जर्मनीत असतो, तो सांगतो तिकडच्या बऱ्याच गाड्यांना हे कंपनीतूनच येतं, चावी काढून इंडिकेटरची दांडी एका बाजूला केली की त्या बाजूची पुढची-मागची पार्किंग लाईट पेटते, आणि तिथे गावात रस्त्याचा दिवा पुरेसा असेल तर लावावीही लागत नाही. पण ज्या खांबाचा दिवा रात्रभर चालू राहत नाही त्याला लाल-पांढरा पट्टा मारलेला असतो, म्हणजे गाडी लावणाऱ्याला आधीच कळतं की हा दिवा मधेच जाणार, लाईट लाव. हे ऐकून मला आमचे ते तीन दिवस बंद असलेले खांब आठवले. इंग्लंडमध्ये ताशी तीस मैलांपेक्षा जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर गाडी लावली तर पार्किंग लाईट सक्तीची. आपल्याकडच्या नियमात मात्र चारही दिवे म्हटलंय, रस्त्यावर दिवा असो नसो, म्हणून मी चारही ठेवले. शून्य पॉईंट चार अँपिअरसाठी काय कंजुषी करायची.

मागच्या दाराला दोन इंची लाल रिफ्लेक्टिव्ह टेपही मारून घेतली, ट्रक-टेम्पोला असते तीच, पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल असा मालवाहू गाड्यांचा नियम आहे. कारला मारली तर लोक टेम्पो झाला म्हणतात, म्हणू देत. बाईक आणि कारवाल्यांना टेप, सायकल आणि चालणाऱ्यांना लाईट, दोन्ही पाहिजे.

खर्च : चार बल्ब सहाशे चाळीस, वायर-स्विच-फ्यूज-डायोड-कटऑफ मिळून नऊशे, मजुरी पाचशे, टेप दीडशे. एकवीसशे नव्वद. मला महाग नाही वाटला. नवीन गाडी असेल तर मात्र आधी वॉरंटीचं बघा, वायरिंगला हात लावला की कंपनी इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारू शकते. नवीन गाडीवाल्यांनी निदान नुसते एलईडी बदलून घ्यावेत, वायर कापायची गरज नाही, तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

आता जे नाही आवडलं तेही लिहिते. बिल मिळालं नाही, वहीच्या कागदावर आकडे लिहून दिले. काम तासाभराचं सांगून साडेतीन तास लागले, बसायला एक स्टूल. आणि मुख्य म्हणजे मागच्या उजव्या लाईटचा रबर जुना झाला होता तो त्यांनी तसाच ठेवला, ऑगस्टमध्ये आत पाणी जाऊन तो एलईडी अंधुक झाला. परत गेले तेव्हा एक शब्द न बोलता बल्ब फुकट बदलला, पण रबर तेव्हा त्यांच्याकडे नव्हता, सिलिकॉन लावून दिलं. हे पहिल्याच वेळी बघायला हवं होतं, जुलैचं काम आहे, पाणी जाणार हे माहीत असतं. त्यासाठी एक स्टार कापते. पाचपैकी चार.

वापरायला सुरुवात केल्यावर एक अडचण आली जिचा मी विचारच केला नव्हता. लोक. पहिल्या आठवड्यात रोज रात्री कोणीतरी बेल वाजवायचं, "ताई, तुमच्या गाडीची लाईट राहिलीय." वॉचमन दोनदा आला, समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा तर तीन मजले चढून आले, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे. मला इतकं वाईट वाटलं. चांगली माणसं आहेत, बॅटरी बसेल म्हणून सांगायला येतात, पण याचा अर्थ असाही झाला की आपल्याकडे उभ्या गाडीचा पेटलेला दिवा म्हणजे विसरभोळेपणा. मग मी आतून काचेला कागद लावला, "लाईट मुद्दाम चालू ठेवली आहे, बॅटरी बसत नाही, पहाटे सायकलवाल्यांना गाडी दिसावी म्हणून", मराठीत आणि हिंदीत. आजोबांनी तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी मला खाली थांबवून सगळं विचारून घेतलं. त्यांच्या मुलाच्या गाडीला आता लाईट आहे. मधल्या विंगमधल्या स्कूल व्हॅनवाल्या दादांनी पण काकांकडून करून घेतलं. साठ-सत्तरमध्ये तीन गाड्या, फार नाहीत, पण आमच्या वळणावरच्या तिन्ही आहेत.

गाडी लावताना एक लक्षात ठेवा, तोंड रहदारीच्या दिशेनेच असलं पाहिजे. जागा मिळाली म्हणून उलट्या बाजूला उलटं तोंड करून लावली आणि पार्किंग लाईट पेटवली तर समोरच्याला पांढरे दिवे दिसतात, त्याला वाटतं गाडी येतेय. त्यापेक्षा एक चक्कर जास्त मारा.

आणि एक विनंती, आमच्या इथे पत्र्यांच्या बाहेर जे डंपर आणि मिक्सर रात्रभर उभे असतात त्यांच्या मालकांना. तुमच्या बॅटऱ्या माझ्या गाडीपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत, मागचे दिवे चिखलाने माखलेले असतात, टेप तर दिसतही नाही. एक फडका मारा आणि दिवे लावा. माझ्या गाडीला आपटून पाववाल्याचं मनगट मोडलं, तुमच्या मागच्या लोखंडाला आपटला असता तर डोकं फुटलं असतं.

काकांकडे जायचं असेल तर सकाळी साडेदहाला जा, संध्याकाळी रिक्षांची रांग असते. रविवारी बंद. येत्या शनिवारी मी परत जातेय, पावसाच्या आत मागचे दोन्ही रबर बदलून घ्यायला, या वेळी रबर मी स्वतःच कुर्ल्याहून सीएसटी रोडवरून आणून ठेवलेत.